तुमच्या २०५० सालच्या बेळगावात पाऊस कधी पडतो?

बेळगावच्या पुनर्विकासाचा आराखडा करणारे नियोजनकार व वास्तुरचनाकार आणि त्याला मंजुरी देणारे लोकप्रतिनिधी यांस,

सप्रेम नमस्कार.

मी शहापूरचा. वय एकसष्ट. दुकानांचे फलक, गणपतीच्या देखाव्यांचे पडदे आणि शिवजयंतीचे चित्ररथ रंगवणं हा माझा धंदा. चाळीस वर्षं झाली. छापील बॅनर आल्यापासून काम निम्म्यावर आलं, पण हात थांबलेला नाही. वडील विणकर होते. आमच्या घराच्या सोप्यात आजही एक माग आहे, धाकटा भाऊ तो चालवतो. गेल्या महिन्यात त्या सोप्याच्या भिंतीवर कुणीतरी लाल रंगात एक उभी रेघ ओढून, बाण काढून, शेजारी ‘९’ असा आकडा टाकून गेलं. घरात विचारलं नाही, दार वाजवलं नाही. नऊ म्हणजे नऊ फूट, रस्ता रुंद करायला घराचा पुढून जाणार तो भाग.

ही रेघ आमच्या एकट्याच्या भिंतीवर नाही. गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत आहे. म्हणून हे पत्र पाकिटात घालून न पाठवता सगळ्यांनी वाचावं असं लिहितो आहे. वडगावच्या मंगाईपुढे आम्ही गाऱ्हाणं घालतो तेही चारचौघांत, मोठ्यानं.

रेघा येण्याआधी आम्हाला एका सभागृहात बोलावून एक चित्रफीत दाखवली गेली. २०५० सालचं बेळगाव. काचेचे मनोरे, मनोऱ्यांना जोडणारे पूल, पुलांवर झाडं, आकाशातून माणसं वाहून नेणारी यंत्रं, खाली चालकाविना सरकणाऱ्या गाड्या. कपिलेश्वराचं शिखर एका कोपऱ्यात दिसलं आणि गेलं. पोरांनी टाळ्या वाजवल्या. मीही डोळे न हलवता बघत होतो, कारण काम खरोखर चांगलं होतं. उजेड कुठून पाडायचा आणि लांबी कशी दाखवायची हे ती फीत करणाऱ्यांना नीट कळतं.

पण जन्मभर पडदे रंगवलेला माणूस दुसऱ्याचं चित्र बघताना त्यानं काय काढलं यापेक्षा काय गाळलं ते आधी बघतो. तुमच्या चित्रात विजेच्या तारा नव्हत्या. दोरीवर वाळणारं लुगडं नव्हतं. सायकलवर पिशव्या अडकवून निघालेला दूधवाला नव्हता, भाजीची बुट्टी डोक्यावर घेतलेली येळ्ळूर-कंग्राळीची बाई नव्हती. एकाही भिंतीवर एकही मराठी अक्षर नव्हतं. आणि सुरुवातीपासून शेवटपर्यंत आकाश निळं होतं.

बेळगावात, आणि आकाश निळं! सह्याद्री इथून हाकेच्या अंतरावर आहे. जूनच्या मध्यापासून सप्टेंबरपर्यंत आठवडे-आठवडे सूर्य दिसत नाही. भिंतींना ओल येते, कपडे चुलीवर वाळवावे लागतात, आणि सुताला दमट हवा मानवते म्हणून जुने विणकर त्याच दिवसांत खुशीत असायचे. या गावाचं भविष्य रंगवताना पाऊस कसा काय सुटतो?

हा प्रश्न माझा नाही. तो १९८७ साली मलाच विचारला गेला होता.

मी तेव्हा बाविशीत होतो. गणेशोत्सवात आमच्या गल्लीच्या मंडळानं ‘एकविसाव्या शतकातलं बेळगाव’ असा देखावा करायचं ठरवलं. मागचा पडदा माझ्याकडे. बावीस फूट लांब आणि बारा फूट उंच मांजरपाट, त्यावर सरस आणि खडूच्या भुकटीचा हात. मी काय काढलं असेल? उंच मनोरे, उडत्या मोटारी, निळं आकाश. एका मासिकात पाहिलेलं चित्र डोक्यात बसलं होतं. गल्लीत सगळ्यांनी पाठ थोपटली. शेजारच्या घरातली एक आज्जी, आयुष्यभर कांड्या भरून बोटांना घट्टे पडलेली, संध्याकाळी येऊन पडद्यापुढे बराच वेळ उभी राहिली. मग म्हणाली, “चांगलं केलायस बघ. पण ह्या गावात पाऊस पडत नाही काय रे?”

बाहेर तेव्हा भाद्रपदातला पाऊस मांडवाच्या पत्र्यावर वाजत होता.

मला उत्तर देता आलं नाही. रात्री मी पडद्याच्या खालच्या अंगाला एक नाला काढला, छत्री धरलेली चार माणसं काढली, मनोऱ्यांच्या मध्ये एक कौलारू घर बसवलं. तो देखावा लोकांना आवडला तो त्या घरासाठी. बायका पोरांना बोट करून दाखवायच्या, हे आपलं.

माझा पुतण्या वास्तुरचना शिकतो. तुमची फीत बघून आल्यावर आम्ही दोघं दोन रात्री बसलो आणि त्यानं मला जगातली अशी चित्रं दाखवली. तेव्हा कळलं की तुमचं २०५० सालचं चित्र शंभर वर्षं जुनं आहे. १९२५ साली ल कॉर्बुझिए या वास्तुरचनाकारानं पॅरिसचा आराखडा मांडला होता. सीन नदीच्या उत्तरेकडचा जुना भाग पाडायचा, आणि तिथे साठ-साठ मजल्यांचे अठरा मनोरे सारख्या अंतरावर उभे करून मधून रुंद रस्ते काढायचे. त्या आराखड्याला नाव होतं व्हॉझां, म्हणजे मोटारी आणि विमानं बनवणाऱ्या कारखानदाराचं, कारण पैसा त्याचा होता. पुढे १९३९ च्या न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनात जनरल मोटर्स कंपनीनं ‘फ्युचरामा’ नावाचा भला मोठा देखावा उभारला. लोक सरकत्या खुर्च्यांवर बसून खाली मांडलेली १९६० सालची अमेरिका बघत जायचे. तिच्यातही सगळ्यांत मोठी गोष्ट रस्ताच होती.

दोन्ही चित्रांचा खर्च मोटारी विकणाऱ्यांनी केला आणि दोन्ही चित्रांत मोटारींसाठी गाव मोकळं केलेलं होतं. तुमच्या चित्रफितीचा खर्च कुणी केला? मी आरोप करत नाही. फलक रंगवताना सुद्धा पैसे देणाऱ्याचं नाव मोठ्या अक्षरात येतं, हे मला ठाऊक आहे. म्हणून विचारतो.

पॅरिसनं तो आराखडा अमलात आणला नाही. न्यूयॉर्कमध्ये १९६० च्या दशकात खालच्या मॅनहॅटनमधून द्रुतगती मार्ग काढायचा घाट घातला गेला तेव्हा जेन जेकब्स नावाची बाई शेजाऱ्यापाजाऱ्यांना घेऊन उभी राहिली, आणि तो मार्ग रद्द झाला. ती नियोजनाची पदवी घेतलेली नव्हती. आपल्या रस्त्यावर कोण कधी दुकान उघडतं, मुलं कुठे खेळतात आणि त्यांच्यावर कुणाची नजर असते हे तिनं खिडकीतून बघून ठेवलं होतं.

पुतण्यानं मला जर्मनीचा १९२७ सालचा ‘मेट्रोपोलिस’ हा मूकपटही दाखवला. तुमच्या फितीतले पूल आणि मनोरे मी त्यात ओळखले. फरक एवढाच, की त्या चित्रपटात मनोऱ्यांच्या खालचं गावही दाखवलं आहे. वर श्रीमंतांच्या बागा, जमिनीखाली यंत्रं चालवणाऱ्या मजुरांच्या वसाहती. आणि यंत्र बिघडतं तेव्हा पाणी शिरतं ते खालच्या वसाहतीत, जिथे पोरं आहेत. ते दृश्य बघताना मला आमच्या शिवारातून वाहणारा बळ्ळारी नाला आठवला.

विज्ञानकथेवर माझा राग नाही. उलट, त्या वाचूनच मी मोठा झालो. जयंत नारळीकर आपल्या शेजारचे, कोल्हापुरात जन्मलेले. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत त्यांनी कथा पाठवली ती नारायण विनायक जगताप या नावानं, स्वतःची आद्याक्षरं उलटी करून. परीक्षकांनी मोठ्या शास्त्रज्ञाचं नाव बघून बक्षीस दिलं असं होऊ नये म्हणून. नाव झाकलं, मजकूर तपासला गेला, बक्षीस मिळालं. तुमच्या आराखड्यावर ज्या सल्लागारांची नावं आहेत ती मोठी आहेत असं आम्हाला सभेत तीनदा सांगण्यात आलं. ती नावं झाकून मजकूर तपासायची आमची तयारी आहे. तुमची आहे का?

आणि भविष्याचं शहर म्हणजे काच आणि वेग, असंही कुठे लिहून ठेवलेलं नाही. १९०५ साली रुकैया सखावत हुसेन या बंगाली बाईनं एक कथा लिहिली, मद्रासच्या एका इंग्रजी मासिकात ती छापून आली. तिच्या गावातही हवेत उडणारं वाहन आहे. पण गोष्टीची सुरुवात होते ती रस्त्यावर चालणाऱ्या बाईपासून, जिला कुणाची भीती वाटत नाही. तिथे स्वयंपाक सूर्याच्या उष्णतेवर होतो, धूर नाही. तिथल्या विदुषींनी ढगांतून हवं तेवढं पाणी उतरवून घ्यायची युक्ती शोधली आहे, म्हणून पूर नाही आणि दुष्काळही नाही. शंभराहून अधिक वर्षांपूर्वी एका बाईनं भविष्याचं गाव रंगवताना आधी चूल, वाट आणि पाणी यांचा विचार केला. आमच्या आज्जीनंही तेच केलं होतं.

आता गाऱ्हाणी.

पहिलं पाण्याचं, आणि हे सगळ्यांत लांबेल. माझ्या लहानपणी रस्त्यावरून आमच्या घरात शिरायला तीन पायऱ्या चढाव्या लागायच्या. आज एक पायरी उतरावी लागते. घर खचलेलं नाही. दर काही वर्षांनी जुना रस्ता न खरवडता त्यावर नवा थर टाकला गेला, मग त्यावर काँक्रीट आलं, आणि रस्ता आमच्या उंबऱ्याच्या वर गेला. आता पाऊस वाढला की रस्त्याचं पाणी आधी सोप्यात येतं, मागाच्या खड्ड्यात साठतं, सूत भिजतं. ऑगस्ट २०१९ च्या पुरात काय झालं ते बेळगावात कुणाला सांगायला नको. बळ्ळारी नाल्यानं शहापूर, वडगाव, अनगोळ, येळ्ळूरच्या शिवारातलं भात दरवर्षी बुडतं. ज्या बासमतीच्या वासानं बेळगावची ओळख होती ते याच शिवारातलं. नाल्याला पसरायला जी जागा होती तिच्यावर भराव पडले, वसाहती झाल्या. हलगा-मच्छे बायपाससाठी तिबार पिकाची जमीन जाऊ नये म्हणून शेतकरी वर्षानुवर्षं कोर्टाच्या पायऱ्या झिजवत आले, त्यांचं म्हणणं पिकाचं होतं तसंच पाण्याचंही होतं. तुमच्या आराखड्यात आमच्या गल्लीतला रस्ता आणखी दीड फुटानं उचलायचा आहे. हे मी ऐकीव सांगत नाही. भिंतीवर टांगलेल्या नकाशाच्या कोपऱ्यात रस्त्याचा आडवा छेद काढला होता, त्यावर आकडे होते, ते मी उतरवून घेतले. त्या छेदात रस्ता आहे, गटार आहे, पदपथ आहे. घराचा उंबरा काढलेलाच नाही.

दुसरं सोप्याचं. आमची घरं तोंडाला अरुंद आणि आत लांब. दर्शनी चौदा फूट, खोली सत्तर. पुढे सोपा, त्यात माग, मग माजघर, स्वयंपाकघर, परसू. माग पुढे असतो कारण उजेड पुढून येतो आणि सूत आणणारा, साडी नेणारा माणूस घरात न शिरता काम आटोपतो. तुमच्या हिशेबात नऊ फूट म्हणजे घराचा आठवा हिस्सा. आमच्या हिशेबात तो सगळा माग आहे. उरलेल्या सोप्यात तो बसत नाही, माजघरात न्यावा तर उजेड नाही आणि त्याच्या खटखटीत माणसं झोपणार कुठे? आणि ही गल्ली सरळ का आहे हे तुमच्यापैकी कुणी विचारलं का? माझ्या आजोबांच्या काळात विणकर ताणा, म्हणजे कापडाचं उभं सूत, रस्त्याच्या लांबीनं ताणून त्याला खळ लावायचे. पहाटे पाचला कामाला लागायचे, ऊन चढायच्या आत संपवायचे. दोन्ही बाजूंची घरं त्या कामाच्या मापानं बसली आहेत. गल्ली हाच विणकरांचा अर्धा कारखाना होता.

बेळगावनं हे आधीही एकदा केलेलं आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली इथे सायकलचं दुकान काढलं, पुढे लोखंडी नांगर इथेच घडवला. नगरपालिकेच्या निर्णयामुळे कारखान्याची जागा सोडावी लागली, आणि १९१० साली औंधच्या राजांनी दिलेल्या माळरानावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. आज आपल्याकडे किर्लोस्कर रोड आहे. कारखाना तिकडे आहे. शहापूरच्या विणकरांच्या नावानं उद्या एखादा चौक झाला तर मी त्याचा फलक रंगवायला जाणार नाही.

तिसरं विहिरीचं. गल्लीच्या टोकाला दगडी बांधणीची विहीर आहे, शेजारी पिंपळाचा पार. नकाशात तिथे वाहनतळ दाखवला आहे. १९२४ साली गांधीजींच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचं अधिवेशन टिळकवाडीत भरलं तेव्हा येणाऱ्या हजारो माणसांची तहान भागवायला विहीर खोदली गेली. तिला पंपा सरोवर नाव दिलं होतं, ती अजून आहे. नव्वदच्या दशकात नळ कोरडे पडले तेव्हा याच गावानं जुन्या विहिरींचा गाळ उपसून पाणी वापरलं. आमच्या विहिरीत मी स्वतः उतरलो होतो, तीन दिवस बुट्ट्यांनी गाळ काढला. गावाला पाणी देणारे राकसकोप आणि हिडकल हे जलाशय दोन्ही भरलेले असताना विहीर कुणाला आठवत नाही. ज्या वर्षी ते भरणार नाहीत त्या वर्षी वाहनतळ उकरून विहीर सापडेल का?

चौथं भाषेचं. या विषयावर बोललं की लोक लगेच बाजू घेतात, म्हणून नीट सांगतो. मी कन्नड फलकही रंगवतो. ‘क’ची गोलाई आणि ‘ळ’चा वळसा मी एका कन्नड गुरूकडून शिकलो, आणि त्या लिपीवर माझं प्रेम आहे. आमच्या गल्लीत मराठी घरं जास्त, पण कन्नड बोलणारी आहेत, उर्दू बोलणारी आहेत, कोकणीही दोन आहेत. भांडण तिथे नाही. आराखड्याची सूचना लागली ती कन्नड आणि इंग्रजीत. हरकतीला पंधरा दिवस. ज्यांची घरं जाणार त्यांतल्या म्हाताऱ्या माणसांना मराठीच वाचता येतं. सूचनेत काय आहे हे कळेपर्यंत नऊ दिवस गेले. सभेत एका बाईनं मराठीत विचारलं तेव्हा उत्तर इंग्रजीत आलं, आणि ती खाली बसली. आपल्या राज्यघटनेच्या ३५० व्या कलमानं प्रत्येकाला आपलं गाऱ्हाणं राज्यात किंवा देशात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत मांडायचा हक्क दिला आहे. मांडायचा हक्क आहे, मग ते कशाबद्दल मांडायचं ते समजण्याची सोय नको? हे गाव सीमेवर आहे. शहापूर एकेकाळी सांगली संस्थानात होतं आणि ओढ्यापलीकडचं बेळगाव इंग्रजांकडे. १ नोव्हेंबर १९५६ ला आणखी एक रेघ पडली, तिचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. त्या मोठ्या प्रश्नाचा निकाल तुमच्या हातात नाही आणि या पत्रातही मी तो मागत नाही. सूचना मराठीत छापणं मात्र तुमच्या हातात आहे.

पाचवं, सणांचं. शिवजयंतीच्या चित्ररथांची मिरवणूक रात्रभर चालते, पहाटे कपिलेश्वराच्या बाजूला पोचते. ट्रॉलीवर उभे केलेले सजीव देखावे, पंधरा-पंधरा फूट उंच. तुमच्या रस्त्यांना मध्ये काँक्रीटचा दुभाजक आहे आणि चौकात वळायला मोटारीपुरती जागा. चित्ररथ वळणार नाही. दिवाळीत पोरं गल्लीच्या कोपऱ्यांत मातीचे किल्ले करतात, पंधरा दिवस आधीपासून दगड, चिखल आणि गोणपाट गोळा करतात. रायगड करायचा तर गंगासागर तलाव कुठे आणि उतार कुठे हे आधी बघतात. त्यांनाही पाणी कुठून कुठे जातं हे ठरवूनच गड चढवावा लागतो. त्या कोपऱ्यांना नकाशात ‘मोकळी अतिक्रमित जागा’ म्हटलं आहे.

आणि एक, जे सभेत कुणीच बोललं नाही. आमच्या गल्लीत अकरा कुटुंबं भाड्यानं राहतात. दुसऱ्याच्या मागावर काम करतात, त्यांच्या नावावर उतारा नाही. भरपाईच्या यादीत त्यांचं नाव नाही. २०१३ च्या भूसंपादन कायद्यात बाधित कुटुंब म्हणजे फक्त मालक नव्हे. जागा गेल्यामुळे ज्याची रोजीरोटी जाते तो भाडेकरू, तो कारागीरही त्यात येतो. त्यांना हे कुणी सांगितलेलं नाही. मी सांगितलं तेव्हा त्यांतल्या एकानं विचारलं, खरं काय हो? मी कायद्याचं पान छापून त्याच्या हातात दिलं.

मला माहीत आहे, तुमच्यापैकी काहीजण म्हणतील की रस्ते अरुंद आहेत, रुग्णवाहिका अडते, गटारं तुंबतात. खरं आहे. २०१८ साली माझ्या आईला दवाखान्यात नेताना गाडी गल्लीच्या तोंडाशी अडकली. आम्ही तिला खाटेवर घालून बाहेर नेलं. तो दिवस मी विसरलेलो नाही. पण गाडी अडली ती दोन्ही बाजूंनी लावलेल्या मोटारींमुळे. सोप्याच्या भिंती तेव्हाही जिथे होत्या तिथेच होत्या. बेळगाव जानेवारी २०१६ मध्ये स्मार्ट सिटीच्या पहिल्या वीस शहरांत आलं तेव्हा आमच्या गल्लीत साखर वाटली होती. सुधारणा आम्हाला हवी आहे. जमिनीखाली नीट गटार हवं, तारा जमिनीखाली हव्यात, बायकांना रात्री चालता येईल असा उजेड हवा.

म्हणून आमच्या मागण्या सांगतो.

भिंतींवरच्या रेघा पुसा, आणि प्रत्येक घरमालक व भाडेकरू यांना लेखी, मुदतीसह, मराठी-कन्नड-उर्दूत सूचना दिल्याशिवाय नवी रेघ मारू नका. हरकतींची मुदत नव्यानं सुरू करा.

रस्त्याचा जुना थर खरवडून काढल्याशिवाय नवा थर टाकू नका. आराखड्यातल्या प्रत्येक आडव्या छेदात दोन्ही बाजूंच्या घरांचा उंबरा मापासह काढा. बळ्ळारी नाल्याला पुराच्या वेळी किती जागा लागते ते आधी आखा, त्या जागेत बांधकामाला परवानगी देऊ नका, मग मनोरे कुठे बसतात ते बघा.

ज्या घरात माग चालू आहे त्याचा सोपा रुंदीकरणातून वगळा. गाड्या लावायला बंदी घालून आणि एकेरी वाहतूक करून सहा महिने बघा. त्यानं भागलं नाही तर आम्ही पुन्हा बोलायला बसू, शब्द देतो.

विहीर, पार आणि किल्ल्यांचे कोपरे नकाशात त्यांच्या नावानं दाखवा. वाहनतळ दुसरीकडे न्या.

अकरा भाडेकरू कुटुंबांची नावं बाधितांच्या यादीत घाला.

आणि प्रभाग समिती. १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीनं तीन लाखांवर वस्तीच्या शहरांत प्रभाग समित्या असाव्यात असं सांगितलं. २०११ च्या जनगणनेतच बेळगाव त्याच्या पुष्कळ पुढे होतं. आमच्या प्रभागाची समिती बसवा, तिच्यासमोर आराखडा ठेवा. आमच्या गल्लीला पंच आहेत, भांडणं मिटवायची आणि हिशेब चोख ठेवायची सवय आहे. बैठकीला आम्ही वेळेवर येऊ.

शेवटची मागणी माझी एकट्याची. पुढची सभा जुलैत ठेवा, आणि सभागृहात ठेवू नका. आमच्या पारावर घ्या. पाऊस असेल, मंडळाचा मांडव आम्ही घालू, बसायला सतरंज्या आणि चहा आमच्याकडे. पडद्यावर फीत दाखवायची तर १९८७ सालचा तो मांजरपाट अजून माझ्या माळ्यावर आहे. पाठीमागची बाजू पांढरी आहे, त्यावर दाखवता येईल.

पत्रासोबत गल्लीचा नकाशा जोडला आहे. पुतण्यानं आणि मी तीन रविवार टेप धरून मापं घेतली. एकूण चौसष्ट घरं, प्रत्येकाचा उंबरा रस्त्यापेक्षा किती इंच वर किंवा खाली आहे ते लिहिलं आहे. अडतीस उंबरे खाली आहेत. नकाशावरची नावं तिन्ही लिपींत मी स्वतः घातली आहेत. मूळ प्रत पंचांच्या खोलीत भिंतीला लावली आहे, तुमच्या माणसाला कधीही येऊन तपासता येईल.

आपला,
एक फलक रंगवणारा
शहापूर, बेळगाव